लष्कराच्या भाकऱ्यांना डिग्री कशाला?

लग्नाकार्यात भेटलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "एमएसडब्ल्यू, मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजसेवाच ना? मग लष्कराच्या भाकऱ्या भाजायला डिग्री कशाला लागते हो?" एरवी मी हसून पंगतीकडे वळते. पण आज सांगतेच.

१८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी शिकागोत, परदेशातून आलेल्या मजुरांच्या गर्दीत, एका जुन्या घरात बिऱ्हाड थाटलं. तेच हल हाउस. कल्पना लंडनची. तिथे बार्नेट दांपत्याने १८८४ मध्ये व्हाइटचॅपलच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल काढून विद्यापीठातली शिकलेली पोरं राहायला आणली होती. नुसती मदत पाठवायची नाही, शेजार करायचा.

हल हाउसच्या पहिल्याच नाताळात मुलांना गोड गोळ्या वाटल्या. काही मुली घेईनात. म्हणाल्या, आम्ही गोळ्यांच्याच कारखान्यात कामाला आहोत, आता बघवतसुद्धा नाहीत. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबल्या होत्या त्या. इथे दुसरं कुणी असतं तर गोळ्यांऐवजी फळं वाटून मोकळं झालं असतं. या बायांनी कारखान्यांची माहिती गोळा करायला घेतली. हल हाउसमध्येच राहणारी फ्लॉरेन्स केली घरोघर हिंडली आणि १८९३ मध्ये शिकागोच्या इलिनॉय राज्यात बालमजुरीला आळा घालणारा कायदा झाला.

कचऱ्याची गोष्ट तर मला त्याहून आवडते. गल्लीत लाकडी कचरापेट्या ओसंडून वाहायच्या आणि त्यांच्यावरच पोरं खेळायची. अ‍ॅडम्सबाई १८९५ मध्ये वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पहाटे उठून कचरागाड्यांच्या मागे जायच्या. एका बोळातली घाण उपसली तर हातभर खाली फरसबंदी निघाली! तिथल्या लोकांना तिचा पत्ताच नव्हता. याच बाईंना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे या. शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅन्शर्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात असंच एक शेजारघर चालवलं. नागपाडा नेबरहुड हाउस. भारतातलं समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये त्याच इमारतीत सुरू झालं. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल, म्हणजे आजची देवनारची टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. थोडक्यात, ही डिग्री वस्तीतच जन्मली. पुढे मात्र अभ्यास तेवढा आपण घेतला आणि राहणं सोडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्डवर्कचे, म्हणजे वस्तीत जाऊन काम करायचे, आठवड्याचे दोन दिवस, पाच वाजले की रिपोर्ट लिहायला घरी.

मीही तेच केलं. पहिल्या वर्षी एका वस्तीतली सातवीतली मुलगी शाळेत येत नव्हती, म्हणून मी तिला वह्या नेऊन दिल्या. तिच्या आईने वह्या नीट फळीवर ठेवल्या आणि म्हणाली, "ताई, टँकर साडेदहाला येतो. मी कामावर असते. पाणी कोण भरणार?" शाळाही साडेदहाचीच. मग घरं मोजली तर त्याच रांगेत अशा आणखी चार मुली निघाल्या. टँकरची वेळ बदलण्यासाठी अर्ज केला, सह्या घेतल्या, हेलपाटे घातले.

वेळ बदलली म्हणे पुढे. तोवर माझं फिल्डवर्क संपून मी दुसऱ्या वस्तीत गेले होते.