तुम्ही विचारलंत म्हणून: मी नांगरणी का सोडली?

लग्नाच्या मांडवात, बाजारात, एकदा तर दहाव्याच्या कार्यातही मला हाच प्रश्न विचारला गेला आहे की, आप्पांनी जपलेले रान तुम्ही नांगरायचे का सोडले? विचारणाऱ्याने 'आळस' हा शब्द मनात आधीच योजलेला असतो, म्हणून आजवर मी हसून विषय बदलत आलो.

2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षे कोरडी गेली आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्यात, शिवारातला थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही या हट्टाने, मी जेसीबी लावून बांध उंच केले आणि जादा पाणी बाहेर जावे म्हणून आप्पांनी दगड रचून केलेला सांडवा मातीने बुजवला. "पाण्याला वाट ठेव," एवढेच आप्पा म्हणाले. मी ऐकले नाही, तेव्हा तेही पुन्हा बोलले नाहीत.

सप्टेंबरअखेरीस पाऊस उघडीप देईना. बॅटरी घेऊन आम्ही दोघे रात्री बांधावर गेलो, तेव्हा बुजवलेल्या सांडव्यापासून दोन हातांवर पाणी बांधावरून सांडत होते. मी फावडे उचलले, तोवर तिथला बांध खचला. सकाळी खालच्या रानात चुलत भावाचे काढणीला आलेले सोयाबीन शेंड्यापर्यंत गाळात गाडलेले होते. तो भांडला नाही. "दादा, तुझी माती आलीय माझ्याकडे, घेऊन जा," एवढेच म्हणाला. आप्पा त्या गाळातून सांडव्याचे दगड शोधून घमेल्यात भरत होते, आणि वर आमच्या रानात मुरूम उघडा पडला होता.

चूक बांधाची होती, नांगराची नव्हती, हे मला कोणी सांगायला नको. ते मी स्वतःलाच अनेकदा सुनावले आहे. परंतु त्या सकाळी रानातल्या ओघळी ट्रॅक्टरच्या नांगराने पाडलेल्या तासांतूनच धावलेल्या दिसल्या. वाटणीत प्रत्येकाला उताराच्या दिशेने लांब, अरुंद पट्टा आला असल्यामुळे ट्रॅक्टरवाला वळणे वाचवण्यासाठी उभीच नांगरट करतो; त्यावर रोटाव्हेटरने भुगा केलेली माती पहिल्याच जोरदार सरीत थापटून बसते आणि पाणी मुरण्याऐवजी धावू लागते. म्हणून सांडवा पुन्हा रचलाच, शिवाय उताराला आडवे रुंद वरंबे पाडून ते कायम ठेवले आणि सोयाबीन कापल्यावर मुळे जमिनीतच राहू दिली.

हे सारे फुकटात झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिली दोन वर्षे पिकाचा उतारा घटला. नांगरणी थांबली तसा तणनाशकावर माझा खर्च वाढला आणि सेंद्रियवाले मित्र त्यावरून टोमणे मारतात, ते मला झोंबतात, कारण त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. चुलत भाऊ अजून उभेच नांगरतो आणि गेल्या हंगामात त्याचे सोयाबीन माझ्यापेक्षा सरस होते. आप्पांनी तर शेवटपर्यंत माझ्या रानाला 'पडीक' म्हटले.

यंदा वरच्या तुकड्यात हरळी माजली आहे. ती फवारणीला दाद देत नाही, आणि तेवढ्या तुकड्यापुरता नांगर घालावा का, याचे उत्तर मी ट्रॅक्टरवाल्याला अद्याप दिलेले नाही.