बॅलार्ड पियर ते अगत्ती: पहिल्या क्रूझआधी काय माहीत हवं

मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी क्रूझ दोन-तीन रात्रींची असते, लक्षद्वीप धरलं तर चार-पाच रात्रींची. ऐकायला भरपूर वाटतं. पण पहिल्या दिवशी बोट संध्याकाळी सुटते आणि शेवटच्या दिवशी सकाळी केबिन रिकामी करायची असते, म्हणजे हातात उरतात मोजकेच तास. नवखी कुटुंबं त्यातले बरेच तास रांगेत, बॅगांची वाट बघण्यात आणि बिलावरून हुज्जत घालण्यात घालवतात. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण यातलं जवळजवळ सगळं घरी बसून टाळता येतं.

सुरुवात केबिनपासून करू. बहुतेक लोक फक्त प्रकार बघतात: इंटिरिअर (म्हणजे बिनखिडकीची), खिडकीवाली की बाल्कनीवाली. आमच्या मते केबिन बोटीवर कुठे आहे हे प्रकारापेक्षा महत्त्वाचं. लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मधला भाग सर्वांत कमी, सी-सॉसारखं. डावी-उजवीकडे डोलते तेव्हा वरचे मजले, म्हणजे डेक, जास्त हलतात. त्यामुळे खालच्या डेकवरची, मधोमध असलेली स्वस्त केबिन ही वरच्या टोकाच्या महाग केबिनपेक्षा झोपेला चांगली. बुकिंगआधी डेक-प्लॅन, म्हणजे प्रत्येक मजल्याचा नकाशा, मागून घ्या आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते तपासा. दोन्हीकडे केबिनच असतील तर निर्धास्त घ्या. वर पूल-डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. डिस्कोच्या खाली असाल तर रात्री दोनपर्यंत छत धडधडतं, आणि अगदी पुढच्या टोकाला असाल तर नांगराच्या साखळीने जाग येते. खिडकीवाल्या केबिनसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हेही विचारा.

मुंबईहून सुटणारी ‘एम्प्रेस’ १९९० साली फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलेली बोट आहे. भारतीय प्रवाशांसाठी ती २०२१ पासून चालते. त्या काळच्या बोटींवर बाल्कन्या मोजक्याच असत, त्यामुळे त्या हव्या असतील तर लवकर बुकिंग करावं लागतं. इंटिरिअर केबिन म्हणजे साधारण १२० ते १७० चौरस फूट, बाथरूम धरून. तिसरी-चौथी बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येते, रेल्वेच्या अपर बर्थसारखी, आणि तिला शिडी असते. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथे चढवता येणार नाही, तेव्हा कोण कुठे झोपणार ते आधी ठरवा. इंटिरिअरमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, सकाळ झालेलीही कळत नाही. लहान मूल बरोबर असेल तर छोटा बॅटरीवरचा दिवा न्याच.

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि माणशी-रात्री लागणारा सर्व्हिस चार्ज चढतो, बहुधा मुलांनाही. बुकिंग करताना प्रश्न एकच विचारायचा: ‘सगळं धरून चौघांचे एकूण किती?’ भाड्यात केबिन, बुफे, मुख्य डायनिंग हॉल आणि बरेचसे कार्यक्रम येतात. दारू, कोल्ड्रिंक, काही ठिकाणची कॉफी, खास रेस्टॉरंटं, वाय-फाय, स्पा, लाँड्री आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. बोटीवर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं आणि रक्कम खात्यावर चढते. मुलांच्या कार्डावरून खरेदी बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडतं ते नावापाशी. तिकिटावर लग्नानंतरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असं झालं की काउंटरवर थांबवलं जातं. आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एकाची मूळ प्रत न्या, पॅन कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. लक्षद्वीपला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. तो क्रूझ कंपनी काढते, पण त्यासाठी प्रत्येकाचे कागद वेळेत द्यावे लागतात. गरोदर बाईला प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे होत असतील तर बहुतेक बोटी घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही.

वेब चेक-इन घरीच करा, बोर्डिंग पास आणि बॅगांचे टॅग छापून न्या. बोट सुटते बॅलार्ड पियरहून. नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. बोट सहाला सुटणार म्हणजे सहाला पोचायचं नव्हे, चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं. नागपूर-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी त्याच दुपारी पोचणाऱ्या गाडीवर विसंबू नये, आदल्या दिवशी मुंबईत यावं.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतल्या जातात. त्या एक्स-रेतून जाऊन केबिनच्या दाराशी येतात, आणि त्याला तीन-चार तासही लागू शकतात. म्हणून एक हँडबॅग वेगळी भरा: रोजच्या गोळ्या, ओळखपत्रं, चार्जर, मुलांचा एक जोड आणि पोहण्याचे कपडे. ज्यांच्या हाताशी पोहण्याचे कपडे असतात त्यांना पहिल्या दुपारी पूल जवळजवळ रिकामा मिळतो. इस्त्री, किटली, इंडक्शन, मेणबत्ती, सुरी, बाहेरची दारू यातलं काहीही बॅगेत असेल तर ती बॅग अडकवून ठेवतात. घरी केलेलं खाणंही बहुतेक बोटींवर चालत नाही. इस्त्री-किटलीबद्दल लोक चिडतात, पण भर समुद्रात आग लागली तर विझवायला खलाशांशिवाय कुणी नसतं. सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला विजेचा दाब अडवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्डही याच कारणासाठी नको. बोटीवरची वायरिंग घरच्यासारखी अर्थिंग केलेली नसते, त्यामुळे तो तापून पेट घेऊ शकतो. साधा मल्टी-प्लग अॅडॅप्टर न्या, कारण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बरेचदा बसत नाही. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चार लोहचुंबकी हुक नेले तर ओले टॉवेल आणि टोप्या टांगायची सोय होते.

सुटण्याआधी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव. ते कंटाळवाणं वाटतं म्हणून चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा २४ तासांच्या आत केलं तरी चालत असे. आता नियम असा की नव्याने चढलेल्यांचं ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटताच झालं पाहिजे. तुमच्या मस्टर स्टेशनची, म्हणजे जमायच्या जागेची, खूण कार्डावर छापलेली असते. केबिनपासून तिथपर्यंत एकदा जिन्याने चालत जा, लिफ्टने नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा मुलांनाही पाठ करून द्या.

आता बोट लागण्याबद्दल. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, आणि केबिनमध्ये बसलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. बोटीच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते आडवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे झुलणं नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी अव्होमिनसारखी गोळी बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. तिने झोप येते, आणि लहान मुलं, गरोदर बायका, काचबिंदू असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी उपाय साधे आहेत. पोट रिकामं ठेवू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, मधल्या उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. आलेपाकाची वडी तोंडात ठेवली तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सहसा शांत असतो. पावसाळ्यात या किनाऱ्यावर क्रूझ थांबतातच, ‘एम्प्रेस’ही त्या काळात चेन्नईकडून श्रीलंकेला गेलेली आहे.

केबिनमधलं टॉयलेट विमानातल्यासारखं हवेने ओढणारं असतं. त्यात पॅड, डायपर किंवा ओला वाइप टाकला तर तुमचंच नाही, त्याच पाइपवरच्या शेजारच्या केबिनींचंही तुंबतं. बुफेच्या दारात सॅनिटायझर असलं तरी हात साबणाने धुवाच. बोटींवर पसरणारा जुलाब-उलटीचा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही.

किनारा दिसेनासा झाला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. तसं केलं नाही तर तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडतो आणि रोमिंगचं बिल हजारांत येऊ शकतं. वाय-फाय घेणार नसाल तर घरच्यांना तसं सांगून ठेवा, आणि बोटीवर भेटायची वेळ नि जागा ठरवून घ्या, कारण अकरा डेकांवर माणूस शोधणं सोपं नाही.

गोव्यात बोट मुरगाव बंदरात लागते, वास्कोजवळ. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट-बागा चाळीसच्या वर. समजा बोट नऊला लागली आणि पाचला सुटणार. उतरायला तास जातो, आणि परत चढायची शेवटची वेळ सुटण्याआधी तास-अर्धा तास असते. उरले जेमतेम सहा तास. एवढ्यात बागा गाठण्यात अर्थ नाही. जुनं गोवं बघा, नाहीतर कवळ्याच्या शांतादुर्गेचं दर्शन घेऊन या, किंवा सरळ बोगमाळोला जाऊन बसा. क्रूझ कंपनीने ठरवलेली सहल घेतली आणि तिची बस अडकली तर बोट थांबते. आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

हीच घड्याळाची गोष्ट परदेशात जास्त महागात पडते. सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्या क्रूझवर थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे असते. फोन किनाऱ्यावर आपोआप तास मागे जातो, बोटीचं घड्याळ मात्र बरेचदा सिंगापूरच्याच वेळेवर असतं. तुम्हाला वाटतं चार वाजलेत, बोटीवर पाच वाजलेले असतात. मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावा आणि तेच बघा. युरोपातल्या क्रूझला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा आत येता येणारा, घ्या. मधे तुर्कस्तानसारखा बाहेरचा देश आला की सिंगल एंट्रीवर परत आत येता येत नाही.

लक्षद्वीपला मोठी बोट बेटाला टेकत नाही. भोवती प्रवाळाची कडा आणि आत उथळ लगून, म्हणजे कडेने अडवलेलं पाणी, म्हणून बोट बाहेर उभी राहते आणि छोट्या बोटींतून अगत्तीसारख्या बेटावर नेतात. चढायची जागा पाण्यालगतच्या दारापाशी असते. छोटी बोट लाटेबरोबर फूटभर वर-खाली होत असते, दोन खलाशी तुमचे दोन्ही दंड धरतात आणि ती दाराच्या पातळीला आली की ‘आता’ म्हणतात. तेव्हाच पाऊल टाकायचं, आधी नाही नि नंतरही नाही. हात मोकळे हवेत, सामान पाठीवर, पायात पट्ट्याची चप्पल. चालायला आधार लागणाऱ्यांना हे जड जातं, व्हीलचेअर तर सहसा नेतच नाहीत. समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन बेट वगळतो आणि परत मिळतं ते फार तर बंदर शुल्क. म्हणून फक्त बेटासाठी पैसे भरू नका. प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. दारूही बेटावर नेता येत नाही.

शेवटच्या रात्री खात्याचा हिशेब बघून घ्या, कारण सकाळी त्याच काउंटरवर शंभर माणसांची रांग असते. मोठ्या बॅगा रात्री अकराच्या सुमारास टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या. त्या आधी सकाळचे कपडे, चपला, दातांचा ब्रश आणि ओळखपत्र बाजूला काढा. सगळं बॅगेत गेलं तर नाइट ड्रेसवरच उतरावं लागतं. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.