बावटा लागला त्या दिवशी

जुलैतला शनिवार. मी कान्हेरी लेण्यांवरचा गाईड. तिकीटखिडकीजवळ छत्री मिटून उभा होतो, गिऱ्हाईक नव्हतं. साडेनऊला फोन वाजला. घारापुरीची गाईडताई. एका प्रशिक्षणात भेटलो होतो, तेवढीच ओळख.

"दादा, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय. गेटवेवरून लाँच सुटत नाहीत. साताऱ्याचे एकोणतीस निवृत्त शिक्षक भिजत उभे आहेत. तुमच्याकडे आणू? पैसे निम्मे-निम्मे."

आमच्या धंद्यात आपला ग्रुप दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. तिनं ते सहज केलं, मला शब्दच सुचेना. "आणा," एवढंच म्हणालो.

बोरिवलीच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत उद्यानाची बस. चालकाला आधीच सांगून ठेवलं, तर त्यानं गाडी थांबवून धरली. पहारेकऱ्यानं शेवाळलेल्या पायऱ्या कुठल्या ते आम्हाला चालून दाखवलं. गुडघ्याचा त्रास असलेल्या दोन बाईंना त्यानंच हात दिला.

तिसऱ्या लेण्यात मी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला शिलालेख दाखवला, ओसरीतले दोन उंच बुद्ध दाखवले. मास्तर मंडळींची मान दुखेस्तोवर वर होती. पण त्यांना खिळवून ठेवलं ते पाण्यानं. शंभराहून जास्त लेणी आहेत इथं, आणि बहुतेकांच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. कल्याण, सोपारा, चौलच्या लोकांनी इथं दानं दिली, त्यांत पोढ्याही आहेत. डोंगरउतारावर बोटभर रुंद चर खोदलेत. पाऊस त्या चरांतून धावत टाक्यात उतरत होता, अगदी आमच्या डोळ्यांसमोर. एक मास्तर उकिडवे बसले आणि चरातलं पाणी बोटानं थोपवून पुन्हा सोडत राहिले.

ताई त्यांच्या शेजारी वाकली. म्हणाली, "आमच्या मोठ्या लेण्यातही टाकं आहे. मी रोज त्याच्याजवळून जाते, पण पाणी येतं कुठून हे कधी पाहिलंच नाही." मग तीच त्यांना घारापुरीचं टाकं, त्रिमूर्ती, जेट्टीवरची छोटी गाडी सांगू लागली, आणि मी ऐकत राहिलो. दुपारी तिनं निम्मे पैसे मोजून दिले. मी घेत नव्हतो, तिनं खिशात कोंबले.

डिसेंबरात एका रविवारी कान्हेरीला बसची रांग फाटकाबाहेर गेली. माझ्याकडे बावीस जण होते. मी तिला फोन लावला, "ताई, दुपारची लाँच मिळेल का?"