तो बोडका माड

परसातला तो बोडका माड पाडत का नाही? गोव्यात, डिचोलीला आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता हे विचारतोच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माड वीज पडून मेला. झावळ्या गळाल्या, खोड तेवढं उरलं. मेलेल्या माडाचा गाभा मऊ. सुतार पक्ष्याने त्यात ढोली कोरली आणि पुढच्या वर्षी ती कीरांनी बळकावली. (घरात आम्ही कीर म्हणतो, लिहायला बसलं की त्याचा पोपट होतो.) पोपट बहुतेकदा आयत्या ढोलीवरच टपलेले असतात, मग चोचीने ती हवी तेवढी रुंद करून घेतात. साळुंक्यांशी कडाक्याचं भांडण होतं. ते मिटलं की मादी आत बसते आणि गळ्यात कंठी असलेला नर दारातच तिला भरवतो.

अशाच एका ढोलीतून आजोबांनी पिल्लू काढलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची. पिसं कसली, अंगभर नुसते हिरवे काटे. भिजवलेली चण्याची डाळ चिमटीत धरली की ते सबंध अंग हलवत घास ओढून घ्यायचं. त्याने ‘विठू विठू’ म्हणावं म्हणून आजोबांनी जंग जंग पछाडलं. तो शिकला पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा भोंगा! भर दुपारी ‘पों पों’ झालं की आजी पावांसाठी टोपली घेऊन बाहेर. आम्ही पोट धरून हसायचो. पोपट थव्यात राहणारा, जवळच्यांचे आवाज उचलणारा पक्षी. आमच्या त्या एकट्याला थवा म्हणून आम्ही, आणि सकाळी सायकलवरून येणारा पोदेर. हे कळायला मला फार वर्षं लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हे तर त्याहून उशिरा कळलं.

शेजाऱ्यांना माझं हे कौतुक मुळीच पटत नाही. त्यांचं वायंगणाचं, म्हणजे रब्बी भाताचं शेत आहे. थवा उतरला की कणसं खुडतो, चार दाणे खातो, बाकीचं खाली टाकतो. ‘तू पोस, आम्ही डबे बडवतो,’ असं ते म्हणतात, आणि त्यावर मला उत्तर सुचत नाही.

खोड आता बुंध्याशी कुजलंय, थोडं कललंयही. नारळ काढायला येणारा पाडेली दर वेळी विचारतो, मी म्हणते, पिल्लं उडू देत. गेली तीन वर्षं हेच सांगतेय.