ओल्ड सेरम: दोन खासदारांचं ओसाड रान

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून सॉल्झबरी साधारण दीड तासावर. तिथून ओल्ड सेरम या उठून गेलेल्या जुन्या गावाची टेकडी तीनेक किलोमीटर. बस मिळते, पण मी एव्हन नदीच्या बाजूने पायी जायला सांगेन. वर वारं सोसाट्याचं असतं, जाकीट जवळ ठेवा.

आतल्या किल्ल्याला तिकीट आहे, बाहेरच्या आवाराला नाही. जुन्या कॅथेड्रलचा पाया गवतात उघड्यावरच आहे. भिंतींचे दर्शनी घडीव दगड बहुतेक गेलेत, उरलाय तो चुन्यात बसवलेल्या गारगोट्यांचा गाभा. १२२० मध्ये खाली नदीकाठी नव्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं. माणसं उतरली, पुढे दगडही उतरले. लोक इथे फोटो काढून परततात, याची मला फार हळहळ वाटते. अठराव्या शतकातलं ब्रिटिश राजकारण कळायचं तर तटावर उभं राहून खालच्या शेतांकडे बघायला हवं.

कारण गाव उठलं, मतदारसंघ उठला नाही. १८३२ पर्यंत इथून संसदेत दोन खासदार जात. तिकडे मँचेस्टर गिरण्यांमुळे वाढतच होतं आणि त्याला स्वतःचा एकही खासदार नव्हता. इथे मताचा हक्क जोडलेला होता ठरावीक भूखंडांना. भूखंड ज्याचे, खासदार त्याचे. निवडणूक लागली की मालक ते तात्पुरते विश्वासातल्या माणसांच्या नावावर करायचा, ती शेतातल्या एल्मच्या झाडाखाली मत द्यायची आणि काम उरकलं की कागद परत मालकाकडे. मतदान उघड, त्यामुळे फितुरी लपणं अशक्य. १८३१ मध्ये मतदार होते अवघे ११!

ही जागा १६९१ मध्ये थॉमस पिटने विकत घेतली. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी धाब्यावर बसवून त्याने हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केला होता. पुढे त्याच कंपनीने त्याला मद्रासचा गव्हर्नर केलं. तिथे त्याने ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला आणि पैलू पाडून १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार बघणाऱ्याला, १,३५,००० पौंडांना विकला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पिटचं नाव मात्र टेकडीखालच्या स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल गावात, चर्चच्या मनोऱ्यावर ठळक कोरलंय, खाली साल १७११. किल्ल्यातली पंधरा मिनिटं कमी करा, पण हा मनोरा बघाच. हिंदुस्थानातला पैसा, जमीन आणि संसद यांची गाठ इथे डोळ्यांना दिसते.

त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये इथूनच संसदेत गेला आणि पुढे देशाचा कारभारी झाला. पणतू धाकटा पिट पंतप्रधान असताना त्याने १७८५ मध्ये असे ३६ मतदारसंघ मोडीत काढायचा प्रस्ताव आणला, तोही मालकांच्या भरपाईसाठी दहा लाख पौंडांची तरतूद करून. सुधारणा मागणाऱ्यालाही मतदारसंघ ही खासगी मालमत्ताच वाटत होती, हे मला फार बोलकं वाटतं. संसदेने प्रस्ताव २४८ विरुद्ध १७४ मतांनी फेटाळला. १८३२ मध्ये मात्र भरपाईची एक पेनीही न देता ओल्ड सेरमच्या दोन्ही जागा रद्द झाल्या.