सेकंडहँड गाडीचा रेडिएटर साफ करून घेताना

जुनी पेट्रोल कार घेतली तेव्हाच ठरवलं होतं, सीट कव्हर आणि टेप नंतर, आधी इंजिन. साताऱ्यातून कासकडे निघालं की लगेच यवतेश्वर घाट लागतो. चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर, वेग कमी म्हणून समोरचा वाराही कमी, आणि इंजिनवर ताण भरपूर. अशा वेळी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधून फिरून इंजिन थंड ठेवणारं द्रव, धड नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जायला वेळ लागत नाही.

गाडी रात्रभर उभी होती, म्हणून मेस्त्रींनी सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं. तापलेल्या इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, थेट अंगावर उसळतं. त्यांनी आत बोट फिरवून मला दाखवलं. तांबडा गाळ.

"आधीच्या मालकानं बोअरचं पाणी घातलंय बघा, दादा."

बोअरच्या पाण्यातले क्षार गिझरच्या कॉईलवर चढतात तसे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं रसायन नसतं.

सगळं पाणी काढलं, फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) घातला, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा काढलं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याची. तो कॅन मी बॅटरीवाल्याकडून आधीच आणला होता. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घेतलं, कारण दोन जातींची मिसळली तर आत चिकट गाळ धरू शकतो. भरल्यावर झाकण उघडं ठेवून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवलं. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं. इथे घाई केली तर हवा अडकते आणि तापमानाचा काटा उगाच वर चढतो.

ऑईल आणि ऑईल फिल्टर त्याच दिवशी बदलले. डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, मी आता दर रविवारी बघतो: सपाट जागा, बंद इंजिन, एकदा पुसून पुन्हा घालायची. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त झालेलंही वाईटच. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांचा धुरळा असतो, तेव्हा एअर फिल्टर मुदतीची वाट न बघता तपासावा. फाटक्या फिल्टरमधून गेलेली माती सिलिंडर घासते.

काढलेलं जुनं पाणी गटारात ओतू दिलं नाही, त्यात आधीचं कूलंट उरलेलं असू शकतं. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुन्या ऑईलच्या पिंपाशेजारी वेगळं ठेवायला लावलं.