चाळीस टक्के सूट आणि माझी पंचाईत

मुंबईच्या दुकानदाराने आज फोटो धाडला. टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र), लिमिटेड एडिशन, मागे नंबर कोरलेली पितळी पट्टी, किंमत चाळीस टक्के उतरवलेली. शेवटचा पीस, संध्याकाळपर्यंत कळवा. जीव खालीवर झाला, खोटं कशाला बोलू!

दुपारी माहितीपत्रक नीट चाळलं. मोटर, टोनआर्म (सुईचा दांडा), बेअरिंग सगळं कंपनीच्या साध्या मॉडेलचंच. जास्तीचं काय, तर अक्रोडाचं लाकूड आणि ती पट्टी. म्हणजे सूट धरूनही साध्यापेक्षा महागच. वर स्पीड दोनच, मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेरे. आणि आमच्या ट्रंकेत काय आहे? आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, बहुतेक नाट्यपदं. त्यांना वेग तर वेगळा लागतोच, सुईही जाड लागते. एलपीची, म्हणजे ३३⅓च्या तबकडीची, बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते. पदापेक्षा खरखरच जास्त.

त्यात मालवणची हवा. खारं वारं वायरींच्या पिनांवर हिरवा गंज चढवतं, पावसाळ्यात कव्हरांना बुरशी. सर्व्हिस सेंटर मुंबईत. बिघडलं तर ते धूड घेऊन कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढायचं कोणी?

आई खळ्यात कोकमं सुकत घालत होती. किंमत ऐकून म्हणाली, "तुका खुळ लागला काय? तेवढ्या पैशात पडवीचे वासे बदलून होतले."

दुकानदाराला 'नको' म्हणून कळवलं. तीन स्पीडचं साधं मॉडेल असेल तर भाव सांगा म्हटलंय. ७८ची चांगली सुई कुठे मिळते, कोणाला ठाऊक असेल तर इनबॉक्स करा.